फौजदारी खटला : दोन बाजू, एक कर्तव्य

इंग्लंड व वेल्समध्ये वकिली व्यवसायाच्या दोन प्रमुख शाखा आहेत. सॉलिसिटर पक्षकाराला सल्ला देऊन खटल्याची पूर्वतयारी करतो. खून, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत क्राऊन कोर्टापुढे बाजू मांडण्याचे काम मुख्यत्वे बॅरिस्टर करतात. १९८६ पासून क्राऊन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस ही यंत्रणा अभियोग चालविते. मात्र युक्तिवादासाठी ती अनेकदा स्वतंत्र बॅरिस्टरांची नेमणूक करते. त्यामुळे एकच बॅरिस्टर एका खटल्यात अभियोग पक्षाचा, तर दुसऱ्या खटल्यात आरोपीचा वकील असू शकतो. आरोपी लोकांना अप्रिय आहे, एवढ्या कारणावरून त्याला काम नाकारता येत नाही. रांगेतील टॅक्सीने येईल तो प्रवासी घ्यावा, या प्रथेवरून यास ‘कॅब-रँक’ नियम म्हणतात.

भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने हा व्यवसाय एकसंध केला. सत्र न्यायालयात अभियोग सरकारी अभियोक्ता चालवितो. कसेही करून शिक्षा मिळविणे हे त्याचे काम नसून, सत्य न्यायालयापुढे ठेवणे हे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) नुसार अटक झालेल्या व्यक्तीस पसंतीच्या वकिलाकरवी बचावाचा हक्क आहे. अनुच्छेद ३९-क मोफत विधी साहाय्याचे तत्त्व सांगतो. विशिष्ट आरोपींचे वकीलपत्र न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात अवैध ठरविले. समर्थ बचावानंतर सिद्ध झालेला गुन्हाच न्यायावरील विश्वास दृढ करतो.