भिंगाचं काम गणिताकडे

क्ष-किरणांना वळवणं महाकठीण. काचेत शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून चष्मे आणि सूक्ष्मदर्शक झाले. क्ष-किरण मात्र बहुतेक पदार्थांतून जवळपास सरळच निघून जातात. अशा किरणांचं चांगलं भिंग करणं जिकिरीचं, मग ते काम गणिताकडे सोपवायचं!

पण गणिताला हवी ती माहिती कॅमेरा देत नाही. कुठे किती किरण पडले एवढंच त्याला कळतं. लाट पोचली तेव्हा ती शिखरावर होती की दरीत, म्हणजे तिची फेज, ते हरवतं. डेनिस गॅबर यांनी १९४८ साली, तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, तोड सुचवली: वस्तूवरून आलेल्या लाटेत एक ओळखीची लाट मिसळा, म्हणजे फेज दोघींच्या नक्षीत, होलोग्रामात, उतरते. यासाठी त्यांना १९७१ चं नोबेलही मिळालं. एक खोट राहिली. खऱ्या प्रतिमेवर तिचीच जुळी प्रतिमा चढून बसायची.

२००४ मध्ये श्टेफान आयझेबिट आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, हे क्ष-किरणांनी करून दाखवलं. सोन्याच्या थरात दीड मायक्रोमीटरचं भोक, त्यातून दिसणारा कोबाल्ट-प्लॅटिनमचा चुंबकीय नमुना; शेजारी सुमारे १०० नॅनोमीटरचं पिटुकलं भोक, ओळखीच्या लाटेसाठी. डिटेक्टरवर नुसता ठिपक्यांचा पसारा. त्यावर एकच फूरिये रूपांतर, म्हणजे नक्षीतल्या लहरी सुट्या करणारं गणित, केलं की मध्यभागी प्रखर डाग आणि दोन्ही बाजूंना चुंबकीय प्रदेशांचे नागमोडी पट्टे, एकीकडे सुलटे, दुसरीकडे उलटे. जुळी प्रतिमा गेली नाही, फक्त बाजूला बसवली. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते, आणि ती गणितात नाही, भोकांमधल्या अंतरात आहे.

चित्र किती रेखीव येणार, हे पिटुकल्या भोकावर ठरतं. ते लहान केलं तर रेषा बारीक, पण प्रकाश तुटपुंजा. तिथे १९७२ ची गर्चबर्ग-सॅक्स्टन पद्धत आणि जेम्स फिनप यांच्या नंतरच्या सुधारणा उपयोगी पडतात. संगणक एक अंदाज धरतो. डिटेक्टरच्या बाजूला मोजलेली तीव्रता भरतो, नमुन्याच्या बाजूला भोकाबाहेरचं सगळं शून्य करतो, आणि हे शेकडो वेळा फिरवतो. भोकाची हद्द चुकीची दिली, तर तो मुकाट्याने भलत्याच चित्रावर जाऊन अडकू शकतो. म्हणून कोऱ्या अंदाजाऐवजी होलोग्रामातून निघालेलं धूसर चित्रच पहिला अंदाज म्हणून देणं शहाणपणाचं.