हळद फोडणीतच बरी

हळकुंडात कुरकुमिन हा पिवळा घटक जेमतेम २ ते ५ टक्के. म्हणजे वरणातल्या चिमूटभर हळदीतून काही मिलिग्रॅमच पोटात जाते. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणूनच गरम तेलात हळद पडताच रंग सुटतो, कच्चा उग्रपणा जातो. मात्र तेल धुरावले तर ती करपून कडवट होते. मिऱ्याने कुरकुमिनचे शोषण २० पट वाढते, असा आक्षेप येईल. पण हा आकडा १९९८ च्या ज्या प्रयोगातून आला, त्यात कुरकुमिन तब्बल २ ग्रॅम होते, ताटातले नव्हे. मग कुरकुमिनच्या गोळ्या घ्याव्यात? अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रोजची हळद चवीसाठी जरूर घाला. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर गोळ्यांआधी डॉक्टरांना विचारा.