अनियमित नाडीची रोजकीर्द

ज्याची नाडी ठरलेल्या तालात चालते त्याचा रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजणे हे काम इतके सोपे आहे, की पट्टा दंडाला गुंडाळावा, कळ दाबावी आणि मिनिटाभरात पडद्यावर उमटलेला आकडा वाचावा, यापलीकडे त्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही. परंतु ज्याच्या हृदयाने ताल सोडला आहे, ज्याचा एक ठोका लवकर पडतो, दुसरा रेंगाळतो आणि तिसरा मनगटापर्यंत पोचतच नाही, त्याचा रक्तदाब मोजणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती मी धाड येथे मामांच्या ओसरीवर, त्यांच्या आणि मामींच्या हातून ते काम होताना पाहत शिकलो.

धाड हे बुलढाणा तालुक्यातले, वऱ्हाडच्या अगदी काठावरचे गाव. त्याच्यापलीकडे भोकरदनचा मुलूख लागतो, जो एके काळी निजामाच्या अमलाखाली होता. मामांची सारी हयात तलाठ्याच्या पेशात गेली. सातबारा, फेरफार, पीकपाहणी, जमाबंदी या कागदांच्या सहवासात त्यांना जी सवय जडली ती सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि ती म्हणजे जे डोळ्यांनी पाहिले ते त्याच दिवशी, त्याच रकान्यात, खाडाखोड न करता लिहिण्याची. रक्तदाबाची जुनी तक्रार त्यांना होतीच. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा हृदयाचा आलेख काढण्यात आला आणि त्यात अलिंदकंपन, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात तो विकार निघाला. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन एकजुटीने होत नाही, ते नुसते थरथरतात. त्यामुळे खालच्या कप्प्यांना ठोका देण्याचा हुकूम वेळीअवेळी पोचतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होण्याचा, आणि ती मेंदूकडे जाऊन पक्षाघात होण्याचा धोका अशा माणसाला निरोगी माणसाच्या सुमारे पाचपट असतो. त्यात रक्तदाब चढा राहिला तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून ठोक्यांचा वेग आवरणारे औषध आणि रक्त पातळ ठेवणारे औषध देऊन डॉक्टरांनी तिसरी गोष्ट सांगितली, ती घरी रक्तदाब मोजून लिहीत जाण्याची.

हे मोजणे सकाळी चहापूर्वी आणि गोळ्या घेण्यापूर्वी होते. मामा लघवीला जाऊन येतात, कारण मूत्राशय भरलेले असता आकडा चढतो. मग ते पाठ टेकता येईल अशा लाकडी खुर्चीत बसतात. दोन्ही पावले फरशीवर सपाट, मांडी मांडीवर नाही, आणि डावा हात शेजारच्या मेजावर, उशीच्या आधाराने, दंडाचा मध्य छातीच्या पातळीला येईल असा ठेवलेला. डावा हात निवडण्याचे कारण असे, की प्रारंभी दोन्ही दंडांवर मोजून पाहिले तेव्हा डाव्याचा दाब अधिक निघाला, आणि ज्या हाताचा दाब अधिक त्याच हातावर पुढे मोजीत जावे असा शिरस्ता आहे. अंगरख्याची बाही वर सरकवून ठेवली तर ती दंडाला आवळते, म्हणून बाही काढूनच टाकतात. मामी पट्टा कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर, नळी धमनीच्या बाजूस येईल असा बांधतात, आणि त्याखाली दोन बोटे सहज सरकतील इतकाच तो आवळतात. मग पाच मिनिटे काहीही करावयाचे नसते. ही पाच मिनिटे या साऱ्या विधीतला सर्वांत कठीण भाग आहे असे माझे मत झाले आहे. कारण ओसरी रस्त्यालगत आहे, सकाळी कोणी दूध घेऊन येतो, कोणी कपाशीच्या फवारणीचे विचारतो, आणि गावातल्या जुन्या तलाठ्याला कोणी हाक मारली तर तो उत्तर न देता बसेल कसा? परंतु बोलण्यानेही दाब दहा-दहा अंकांनी वर जाऊ शकतो, म्हणून मामी उंबऱ्यात उभ्या राहून येणाऱ्याला हळूच सांगतात, “बसा जरा, मोजणं चालू हाय.” माणसे समजतात आणि बसतात.

त्यानंतरही यंत्राची कळ लगेच दाबली जात नाही. आधी मामी उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटे टेकतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. नियमित नाडीत पंधरा सेकंद मोजून चौपट केली तरी चालते. अनियमित नाडीत ती पंधरा सेकंदे दाट ठोक्यांची सापडली तर आकडा फुगतो आणि विरळ सापडली तर घटतो, म्हणून येथे मिनिट पुरे करण्यात कसूर करून चालत नाही. नाडीवर बोटे ठेवून शरीराची स्थिती ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत नाडीच्या गतीला जळू आणि साप, बेडूक आणि कावळा, हंस आणि पारवा यांच्या चालींच्या उपमा दिल्या आहेत, आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. आज त्या नाडीचा माणूस औषधांच्या आधाराने वर्षानुवर्षे शेतावर जातो-येतो, हा काळाने घडवलेला फरक आहे. परंतु यंत्रापूर्वी बोट, हा क्रम मात्र आजच्या वैद्यकानेही राखला आहे. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शनही हेच सांगते, की रक्तदाब मोजण्यापूर्वी नाडी हाताने पाहावी आणि ती अनियमित असेल तर दाब स्वयंचलित यंत्रावर न सोपवता धमनीवर नळी ठेवून, कानाने ऐकून मोजावा.

असे का, हे समजण्यासाठी यंत्राच्या आत काय चालते ते पाहावे लागते. १८९६ साली इटलीतील रीवा-रोची याने दंडाभोवती हवेचा पट्टा आवळून, मनगटाची नाडी नाहीशी होते तो दाब पाऱ्याच्या उंचीने मोजला. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह याने पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनळी ठेवली आणि हवा सोडताना उमटणारे व लोपणारे ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरवण्याची रीत घालून दिली. दवाखान्यात पाऱ्याच्या उपकरणावर डॉक्टर जे करीत आले ते हेच. घरच्या यंत्राला कान नाहीत. फ्रान्सच्या मारे याने १८७६ साली जे पाहून ठेवले होते त्याचा ते उपयोग करते: दाबलेल्या धमनीतून रक्त उसळते तेव्हा पट्ट्यातल्या हवेलाही सूक्ष्म हेलकावा बसतो. यंत्र पट्टा फुगवते, मग हवा सावकाश सोडते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर येणारा हेलकावा टिपून ठेवते. हेलकावे प्रथम लहान, मग मोठे, पुन्हा लहान होत जातात. सर्वांत मोठा हेलकावा ज्या दाबाला येतो तो धमनीतील मध्यम दाबाच्या जवळचा, आणि वरचा व खालचा दाब हे त्या चढउताराच्या आकारावरून गणिताने काढलेले. प्रत्येक कारखानदाराचे हे गणित निराळे असते आणि ते बहुधा गुप्त ठेवले जाते.

या गणिताची सारी भिस्त एका गृहीतावर आहे, आणि ते गृहीत असे, की ठोके सारखे आहेत; हेलकावा लहानमोठा होतो तो केवळ पट्ट्याचा दाब बदलत असल्यामुळे. अलिंदकंपनात नेमके हेच खरे नसते. दोन ठोक्यांतले अंतर लांबले तर हृदयाचा खालचा कप्पा अधिक भरतो आणि पुढचा ठोका जोराचा पडतो. अंतर आखूड झाले तर कप्पा अर्धवट भरतो आणि ठोका इतका दुबळा पडतो, की छातीवर नळी ठेवली असता ऐकू येतो पण मनगटाला लागत नाही. उपकेंद्रातील सिस्टरने एकदा छातीवरचे ठोके मोजले आणि त्याच मिनिटात मामींनी मनगटावरचे, तेव्हा मनगटाचे स्पष्टपणे कमी भरले. यंत्राच्या पडद्यावर तिसऱ्या ओळीत येणारा नाडीचा आकडाही दंडापर्यंत पोचलेल्या ठोक्यांचाच असतो, हृदयाने दिलेल्या साऱ्या ठोक्यांचा नसतो. ठोक्यांचा वेग आवरण्याचे औषध ज्याला चालू आहे त्याने हा भेद मनात पक्का धरावा.

म्हणून मामांच्या दंडावर एका बैठकीत पहिल्यांदा १४८ वर ९२, मिनिटभराने १२६ वर ८४, आणि आणखी मिनिटभराने १३९ वर ७९ असे आकडे येतात. कधी यंत्र गोंधळून पट्टा पुन्हा, पहिल्यापेक्षाही घट्ट फुगवते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे दंडावर बारीक लाल ठिपके उठतात. कधी आकडा न देता चुकीची खूण दाखवते. अशा वेळी मामी पट्टा सोडून हाताला विसावा देतात आणि लगोलग कळ दाबीत नाहीत.

“यातला खरा कोणता?” असे मी विचारले, तेव्हा मामांनी जे उत्तर दिले ते कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकाने द्यावे इतके नेमके होते. “एका तुकड्याच्या कापणीवर साऱ्या शिवाराची पैसेवारी लावली असती, तं लोकायनं मले गावात उभं राहू देलं असतं काय?” ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की गावच्या पिकाची पैसेवारी ठरवताना निवडक जागी, हलक्या जमिनीत आणि भारी जमिनीतही, मोजलेल्या वाफ्यातले पीक कापून तोलतात आणि त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधतात, तो पन्नास पैशांच्या आत आला तर टंचाई मानली जाते, म्हणून त्या आकड्यात कुटुंबांचे भवितव्य गुंतलेले असते. मामांच्या वरील तीन आकड्यांची सरासरी १३८ वर ८५ येते. त्या एका सकाळच्या सरासरीलाही एकटीला महत्त्व नाही. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे वगळून जी सरासरी येते तिच्यावर औषधाचा विचार होतो, आणि घरच्या मोजणीत १३५ वर ८५ ही रेषा धरली जाते, दवाखान्यातल्या १४० वर ९० च्या किंचित खाली. अनियमित नाडीत वरच्या दाबाची अशी सरासरी बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते; खालचा दाब मात्र ही यंत्रे थोडा अधिक दाखवतात, हे त्यावर निर्णय घेणाऱ्याने ध्यानी ठेवावयाचे असते.

वहीत तारीख, वेळ, बोटांनी मोजलेली नाडी, तीनही मोजण्या आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. चुकीची खूण आली तर तीही लिहिली जाते. झोप न लागलेली रात्र, चुकलेली गोळी, लग्नातले जेवण, सारे शेऱ्यात येते. चांगला दिसणारा आकडा ठेवून वाईट दिसणारा गाळण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि तेवढ्याने वहीचे प्रामाण्य संपते. रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे एक मानाचे पान आहे: डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. त्या कीर्तीच्या मुळाशीही पट्टा बांधून घेतलेल्या आणि निगुतीने लिहून ठेवलेल्या आकड्यांखेरीज दुसरे काय होते? मामांच्या वहीला मी त्याच जातीचा दस्तऐवज मानतो, मग ती एकाच रुग्णाची का असेना.

पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या हृदयाच्या लहानशा चित्राबद्दल लोकांच्या मनात पुष्कळ भय आणि पुष्कळ गैरसमज आहे. प्रचारातल्या एका कंपनीच्या यंत्रात, मोजणी चालू असताना ठोक्यांमधले अंतर सरासरीपेक्षा एक चतुर्थांशाने कमी वा अधिक झालेले आढळले की ती खूण येते. हात हलला, खोकला आला, किंवा निरुपद्रवी असा एखादा आगाऊ ठोका पडला तरी ती येऊ शकते. उलट ती आली नाही म्हणून हृदय निर्दोष असल्याचा दाखला मिळत नाही. अलिंदकंपन ओळखण्यासाठी खास बनवलेल्या एका यंत्राची शिफारस ‘नाइस’ने २०१३ साली केली, पण त्याच्याही इशाऱ्यानंतर निदान पक्के करावयाचे ते हृदयाच्या आलेखानेच. मामांच्या पडद्यावर ही खूण रोज येते आणि तिची कोणी दखल घेत नाही, ते योग्यच आहे, कारण विकार ज्ञात आहे आणि उपचार चालू आहेत. परंतु त्याच यंत्रावर हौसेने दंड पुढे करणाऱ्या शेजाऱ्याला ती पुन:पुन्हा आली, तेव्हा मामींनी त्याला आलेख काढावयास बुलढाण्याला पाठवले, आणि तेही तितकेच योग्य होते.

यंत्र निवडताना मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे, आणि पट्टा दंडाच्या घेराला जुळणारा असावा. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला तर आकडा चढाच येणार. यंत्राची जबानी अधूनमधून ताडूनही पाहावी लागते. डॉक्टरांकडे जाताना मामा यंत्र पिशवीत घालून नेतात. डॉक्टर आधी कानाने मोजतात, अनियमित नाडीसाठी हवा नेहमीपेक्षाही सावकाश सोडतात, दोन-तीनदा मोजून सरासरी घेतात, आणि मग त्याच दंडावर यंत्र लावून दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहतात. पाऱ्याची उपकरणे आता दवाखान्यांतून हटत चालली आहेत आणि ते पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यक आहे. पण त्याबरोबर कानाने दाब मोजण्याचे कसब नव्या डॉक्टरांच्या हातून सुटले, तर अनियमित नाडीच्या रुग्णांचे मोठे नुकसान होईल, अशी चिंता मला मनापासून वाटते.

वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस मामांनी ठळक अक्षरांत एक सूचना लिहून ठेवली आहे, आणि घरातल्या प्रत्येकाकडून, शाळकरी नातवाकडूनही, ती वाचून घेतली आहे: तोंड एका बाजूला वाकडे झाले, हातापायातले बळ गेले, बोलणे अडखळले, छातीत कळ आली किंवा भोवळ येऊन माणूस पडला, तर पट्टा बांधत बसू नये, प्रथम १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, आणि गाडी आली की वही व चालू गोळ्यांची पाकिटे माणसाबरोबर द्यावीत, म्हणजे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कळेल.