मागची आवृत्ती परत आणताना

नव्याने बसवलेले सॉफ्टवेअर बिघडले की ते उतरवून आधीची चालती आवृत्ती पुन्हा जागेवर आणण्याच्या क्रियेला रोलबॅक म्हणतात. आजवर हे काम रात्रपाळीचा अभियंता करीत असे. आता ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांकडेही सोपवले जाऊ लागले आहे. एजंट नुसता सल्ला देत नाही, तो स्वतः कमांड चालवतो. साहजिकच रोलबॅकच्या साधनाची माहितीपुस्तिका कोणासाठी लिहायची, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. महिनाअखेरीला पगाराचे काम सुरू असताना डेटाबेसला हात लावू नये, हे अभियंत्याला कोणी न सांगता कळते. एजंटाला मात्र समोरच्या मजकुरात आहे तेवढेच कळते, आणि मजकूर जिथे गप्प बसतो तिथे तो अंदाज बांधतो.

लेखी पद्धत नसली तर माणसांचाही अंदाज किती महागात पडतो, हे नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवले. शेअर व्यवहारांचा नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. एक सर्व्हर राहून गेला. त्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या यंत्रणेने जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) वापरल्यामुळे तो जुना कोड जागा झाला आणि बाजार उघडताच बेसुमार सौदे टाकू लागला. गोंधळात उपाय म्हणून उरलेल्या सात सर्व्हरांवरचा नवा, निर्दोष कोड काढण्यात आला. परिणामी जुना कोड आठही ठिकाणी चालू झाला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने चूक झाल्याची सूचना देणारे ९७ ई-मेल पाठवले होते, पण त्यांवर कोणी काही केले नाही. कोड चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासावा, अशी लेखी कार्यपद्धती कंपनीकडे नव्हती, हे अमेरिकेच्या रोखे आयोगाने पुढे आपल्या आदेशात नोंदवले.

एजंटाचे उदाहरण जुलै २०२५ मधले आहे. रेप्लिट या मंचावरील एजंटाने, बदल करू नकोस अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर रोलबॅक शक्य नाही, असेही ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात रोलबॅक झाला. आपल्या हाताशी असलेल्या साधनाला काय जमते, हेच एजंटाला ठाऊक नव्हते, आणि तरीही उत्तर देताना तो अडखळला नाही.

म्हणून पुस्तिकेत पहिली जागा मिळायला हवी ती हे साधन काय परत आणते आणि काय आणत नाही, या माहितीला. अनेकदा हा भाग शेवटी, बारीक अक्षरांत असतो. कंटेनरांमधली अ‍ॅप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत डिप्लॉयमेंट (अ‍ॅप्लिकेशनची मांडणी) मागे नेली तर फक्त पॉडचा, म्हणजे कंटेनरांच्या गटाचा, साचा बदलतो. वेगळ्या ठेवलेल्या कॉन्फिगमॅपमधला, म्हणजे सेटिंग्जचा, मजकूर आहे तसाच राहतो. डेटाबेसची गोष्ट आणखी अवघड. नव्या आवृत्तीने एखादा कॉलम काढून टाकला असेल, तर परत आलेला जुना कोड तोच कॉलम शोधत बसतो. अशा बदलानंतर आंधळा रोलबॅक हा दुसरा अपघात ठरतो. कोणत्या आवृत्तीच्या मागे जाता येत नाही, हे पुस्तिकेने आवृत्तीच्या क्रमांकासह सांगायला हवे.

क्रमांकांचा हिशोबही उलगडून लिहावा लागतो. जमिनीच्या नोंदींचे उदाहरण घ्या. आंजी (मोठी) या गावातील एखाद्या शेताची वारसनोंद चुकली, तर गाव नमुना सहामधला फेरफार कोणी खोडून टाकत नाही. दुरुस्तीचा आदेश होतो, नव्या क्रमांकाचा फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरचे चुकीचे नाव कंसात जाते. कुबरनेटीसही मागे जाताना पुढचाच क्रमांक देते: तिसऱ्या आवृत्तीवरून दुसरीवर गेले की त्या दुसरीलाच चौथा क्रमांक मिळतो, आणि इतिहासात ‘दोन’ उरत नाही. हे न सांगितल्यास एजंट ‘दोनवर जा’ अशी कमांड पुन्हा देतो आणि चूक आली की गोंधळतो. शिवाय मूळ मांडणीत जुन्या दहाच आवृत्त्या राखल्या जातात.

बाकी नोंदी तुलनेने सरळ आहेत. खरा बदल न करता काय होईल ते दाखवणारी चाचणी-कमांड, तीच कमांड दोनदा चालली तर होणारा परिणाम, यशाची खूण, आणि कोणत्या पायरीला माणसाची परवानगी लागते. ‘गरज वाटल्यास विचारा’ हे वाक्य एजंटासाठी निरुपयोगी. अट मोजता येईल अशीच हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने मांडलेल्या, एजंटांना साधने जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये आता साधनावर ‘विध्वंसक’ किंवा ‘फक्त वाचन’ असे शेरे मारता येतात. पण ते शेरेच. त्यांनी कुलूप लागत नाही. प्रॉडक्शनचे, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेचे, अधिकार एजंटाच्या टोकनमधूनच (प्रवेशाच्या किल्लीतूनच) काढून घ्यावे लागतात.

पुस्तिका लिहून झाली की ती सरावाच्या यंत्रणेवर तपासतात. मुद्दाम बिघाड करून, आधीचे काहीच माहीत नसलेल्या एजंटाला केवळ ती पुस्तिका देतात आणि तो कुठे अंदाज बांधतो ते नोंदींमधून पाहतात. अंदाज बांधला गेला त्या जागी मजकुरात भर पडते. साधनाची नवी आवृत्ती आली की ही चाचणी पुन्हा घ्यावी लागते, कारण कमांडमधला नाव बदललेला एखादा फ्लॅगही (पर्यायही) जुन्या पुस्तिकेवर विसंबलेल्या एजंटाला पहिल्याच पायरीवर अडवू शकतो.