थकूनही झोप का लागत नाही?

चीनमधील वुहान शहरात २३ जानेवारी २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली. कोरोनाबाधित मुलांच्या उपचारांची जबाबदारी तेथील बालरुग्णालयावर सोपविण्यात आली. २८ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या काळात तेथे १७१ मुलांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी थकून जात. तरीही त्यांच्यापैकी अनेकांची झोप उडाली होती.

थकलेल्या माणसाला झोप लागतेच, हा समज खरा नाही. चिंता मेंदूला सावध ठेवते, कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढवते. रात्रपाळीमुळे शरीराचे घड्याळही बिघडते. अपुऱ्या झोपेने चिंता आणखी बळावते आणि हे दुष्टचक्र सुरूच राहते.

बालरुग्ण विभागात त्याचा धोका अधिक असतो. मुलांना औषधाची मात्रा बहुधा वजनानुसार द्यावी लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले, तरी ती दसपट होते. म्हणूनच परिचारिकेची झोप हा केवळ तिचा खासगी प्रश्न नसून रुग्णसुरक्षेचाही प्रश्न आहे. सलग रात्रपाळ्या टाळणे, दोन पाळ्यांत पुरेशी विश्रांती देणे व मानसिक आधार पुरविणे, हे रुग्णालयाचे कर्तव्यच ठरते.