संगणकाचा दशांश

जुन्या काळी वाण्याच्या दुकानात अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी वजने असत. प्रत्येक आधीच्याच्या निम्मे. संगणकाचे अपूर्णांकही असेच. दोनच अंकांवर कारभार चालत असल्याने अर्धा, पाव, पाऊण तो अचूक मांडतो. परंतु याच रीतीने शेराचा दहावा भाग तोलून पाहावा : १/१६, १/३२, मग १/२५६, १/५१२... वजने संपतच नाहीत. कुठेतरी थांबावे लागते. पायथॉन भाषेत ही मर्यादा साधारणतः ५३ द्विमान अंकांची, म्हणून ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, आपलेच चुकले!

त्रुटी नगण्य खरी, पण ती वाढत जाते. आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सेकंदाचे दशांश मोजी आणि त्यांना ०.१ ने गुणून सेकंद काढी. हा ०.१ केवळ २४ अंकांत बसविलेला होता. सुमारे १०० तासांत घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आलेले इराकी स्कड क्षेपणास्त्र तिने रोखलेच नाही. २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

पैशांचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत म्हणूनच रुपयांचे अपूर्णांक न ठेवता पूर्ण पैसे मोजावेत, अथवा पायथॉनमधील ‘डेसिमल’ वापरावे. दोन अपूर्णांक समान आहेत का, असे तर थेट विचारूच नये. त्यांतील अंतर पुरेसे अल्प आहे का, एवढेच पाहावे.