पिल्लाचा ओरखडाही लहान समजू नका

ताईंनो, केदारखेड्यात वस्तीत कुत्री व्यायली की मुलं पिल्लं उचलून घरी आणतात. माया चांगलीच; पण पिल्लं आईजवळच ठेवा. पहिले २ आठवडे त्यांच्या अंगात ऊब टिकत नाही. खाली कोरडं गोणपाट टाका. गुरांच्या डॉक्टरांकडून २ आठवड्यांनी जंताचं औषध, ३ महिन्यांनी रेबीजची लस द्या. पिल्लांच्या विष्ठेतून मुलांनाही जंत होतात. हात साबणाने धुवायला लावा.

दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस मोफत असते. इंजेक्शनच्या सगळ्या तारखा पाळा. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस हाती लागत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो.